माझ्या नावाचा फोन

सोमवार. रात्रीचे साडेदहा झालेत, बाहेर धो धो चाललाय, मशीनवर कपडा टाकला आणि लिहायला बसले. शुक्रवारी म्हापशाला जाऊन नवीन फोन घेतला, त्याला आज चौथा दिवस. दोन-तीन दिवस मनात घोळत होतं की हे कुठेतरी लिहून ठेवायचं, कारण थोड्या दिवसांनी सवय होईल आणि मग आत्ता काय वाटतंय ते आठवणारसुद्धा नाही.

आधी हे सांगते की माझ्याकडे फोन नव्हता असं नाही. पंधरा वर्षं फोन वापरतेय, पण नवीन असा एकही नाही. मुलगा नवीन घेतो तेव्हा त्याचा आधीचा माझ्याकडे येतो, त्याच्या आधी ह्यांचा यायचा. प्रेमानेच देतात, पुसूनबिसून, नवीन कव्हर घालून देतात. पण त्यात जीमेल मुलाचं, फोनचं नाव मुलाच्या नावाने, गॅलरीत त्याच्या कॉलेजच्या ट्रिपचे फोटो आणि ते काढायला माझा हात होत नाही. मधे काही वेगळं दिसायला लागलं की मुलगा वेर्ण्याहून ड्युटी करून येईपर्यंत थांबायचं, कारण पासवर्ड त्यालाच माहीत. जूनमध्ये भिशीचा नंबर लागला आणि मी ठरवलं की ह्यावेळी कपाटाला नाही, मिक्सरला नाही, फोनलाच.

डिचोलीहून अस्नोडामार्गे म्हापशाची बस पकडली, शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस, उभं राहायलाही जागा नव्हती. पर्समध्ये मी कातरणं घेतली होती. म्हणजे ब्लाऊजपीस कापून उरतात ते तुकडे, एक आमसुली, एक चिंतामणी, एक डाळिंबी, एक वांगी. दुकानातला मुलगा म्हणाला काकी बजेट किती, मी म्हटलं एकोणीसच्या आत, आणि मग काउंटरवर चारही तुकडे मांडले आणि म्हटलं मला प्रत्येक फोनने ह्यांचा फोटो काढून दाखव. तो आधी बघतच राहिला पण मग त्यालाही त्यात रस आला. मला हेच हवं होतं, कारण माझा धंदा रंगाचा आहे. गिऱ्हाईक रात्री साडीचा फोटो पाठवतात, वहिनी ह्याला मॅचिंग अस्तर आणा, हे रीळ आणा, आणि जुन्या फोनवर आमसुली चॉकलेटी दिसायचा आणि चिंतामणी सरळ निळा. दोनदा अस्तर परत करायला गेलेय मी. पाच फोन बघितले, पहिल्या दोघांत डाळिंबी चक्क लाल आला. चौथ्यात आमसुली आमसुलीच दिसला, तो घेतला. साडेअठरा हजार, वर कव्हर आणि काच.

गंमत म्हणजे घरी येऊन परत बघितलं तर रंग भडक. मला धसकाच बसला, दुकानात फसले की काय. मग शोधता शोधता सेटिंगमध्ये सापडलं की स्क्रीनचे रंग दोन प्रकारे ठेवता येतात, व्हिविड आणि नॅचरल, आणि फोन आला तो व्हिविडवर लावलेला होता. ॲमोलेडच्या स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका आपला आपण उजेड देतो, म्हणून काळा रंग खरंच काळा दिसतो आणि बाकीचे रंगही खोल दिसतात, त्यात व्हिविड म्हणजे आणखी गडद करून दाखवणार. सिनेमा बघणाऱ्याला ते छान वाटत असेल. मी नॅचरल केलं, कातरणं परत शेजारी धरली, खिडकीच्या उजेडात, आणि तेव्हा जीव भांड्यात पडला. माझ्यासारखं शिवणकाम करणारं कुणी हे वाचत असेल तर नवीन फोनवर पहिलं काम हेच करा.

फोन चालू केल्यावर त्याने पहिलं विचारलं भाषा कुठली. मी मराठी निवडली. जुन्या सगळ्या फोनांत इंग्रजी होतं, मुलांना तसं बरं पडायचं. पहिला दिवस मलाच अडखळायला झालं, 'सूचना', 'गोपनीयता', 'संचयन', असे शब्द, आपण बोलताना कुठे म्हणतो, पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी वाचून पुढे जातेय. इतकी वर्षं मी चित्रं आणि जागा पाठ करून फोन चालवत होते, इथे दाबलं की ते येतं, आणि अपडेट होऊन जागा बदलली की अडायचं. आता काय लिहिलंय ते वाचते आणि दाबते. अक्षरं मोठी केलीत, चष्मा नसला तरी चालतं. कीबोर्डवर बोटाने लिहायचीही सोय आहे, पाटीवर लिहावं तसं, ळ काढला की ळ उमटतो. हे अर्धं मी तसंच लिहितेय.

मग त्याने नाव विचारलं. जीमेल नवीन काढलं, माझं, पूर्ण नावाचं. पासवर्ड मी ठरवला आणि मापांच्या वहीत नाही लिहिला, पाठ केला. १५ जीबी जागा त्याबरोबर फुकट मिळते ती पण माझीच.

बोटांचं मात्र मन खट्टू करणारं झालं. काचेच्या आतच बोट ओळखायची सोय आहे, मुलाचं एका झटक्यात होतं. माझी तर्जनी घेईना. पुसली, परत ठेवली, साबणाने धुतली, नाही. तीस वर्षं त्याच बोटाने सुई ढकललीय, टोकावर बारीक भोकं आणि घट्टे, रेषाच राहिलेल्या नाहीत. आधार कार्डच्या वेळी पण असंच झालं होतं. बराच वेळ बसून राहिले हाताकडे बघत. शेवटी मुलगा म्हणाला आई डाव्या हाताची करंगळी घे, ती कामात कमी येते. खरंच घेतली. आणि त्याने तीच करंगळी दोन वेळा वेगवेगळी म्हणून नोंदवली, त्यामुळे फोनला ओळखायला सोपं जातं म्हणे, आणि आता दहातल्या नऊ वेळा उघडतो.

व्हॉट्सॲपचं सगळ्यात जास्त टेन्शन होतं. गिऱ्हाइकांचे डिझाइनचे फोटो, मापं, कोणाची कटोरी कोणाचा प्रिन्सेस कट, कोणाला पाठीला किती खोल गळा, सगळं त्यात. बॅकअप मुलाच्या जीमेलमध्ये जात होता. पण दोन्ही फोन शेजारी ठेवून एकाने दुसऱ्याचा क्यूआर कोड स्कॅन केला की सगळं सरळ इकडून तिकडे येतं, मधे कोणाचं खातं लागत नाही. चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी हुकांचं काम घेऊन शेजारी बसले, बघत होते किती टक्के झालं. पैशाच्या ॲपने सिमवरून एक मेसेज पाठवून नंबर तपासला, पिन जुनाच चालला, दुपारी पिको-फॉलचे एकशे वीस रुपये जमा झाले, नवीन फोनवरची पहिली कमाई.

आवडलं नाही ते पण लिहिते. फोन उघडला तेव्हा आत न मागितलेली पंधरा-सोळा ॲप्स आधीच बसलेली होती, गेम काय, खरेदी काय, आणि रात्री अकराला त्यांच्या जाहिरातींची घंटी. मी पैसे मोजून घेतलेल्या घरात दुसऱ्यांनी आधीच सामान आणून ठेवावं तसं वाटलं, राग आला. बहुतेक काढून टाकली, दोन निघतच नाहीत, त्यांच्या सूचना बंद केल्या. आणि फाइव्ह जी, फाइव्ह जी म्हणून दुकानात एवढं सांगितलं, देशात ते २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालंय, पण आमच्या वाड्यावर बागायतीच्या खाली फोर जीच दिसतं. मला त्याचं फारसं काही नाही.

बॅटरी ५००० एमएएच आहे आणि ती चांगली. काल संध्याकाळी तारांवर माड पडला, लाईट गेली ती सकाळी आली, फोन तोवर चालू होता आणि टॉर्च लावून मी एका ब्लाऊजची तुरपाई पण पुरी केली. पावसाचं विचारलं तर आयपी ६४ आहे, म्हणजे सहा आकडा धुळीचा आणि चार आकडा शिंतोड्यांचा, सरी अंगावर आल्या तर चालेल, पाण्यात बुडाला तर नाही. खणाचा एक तुकडा शिल्लक होता, आत फ्लॅनेल लावून त्याची पिशवी शिवली, शेजारच्या काकी बघून म्हणाल्या "बरो दिसता गो". चार्जिंगला लावताना मात्र पिशवीतून काढते, उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनच्या ओळखीचे नंबर काढले, पंधरा आकडी, दोन सिमचे दोन, बिलावर लिहून बिल कपाटात ठेवलं. हरवला तर संचार साथी ह्या सरकारी वेबसाइटवर ते नंबर देऊन फोन बंद करून घेता येतो.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते.

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. तरुणपणी ते गावच्या नाटकात काम करायचे, जत्रेला देवळासमोर मांडव घालून रात्रभर मराठी नाटक व्हायचं, अजून होतं. तेव्हा बायका उभ्या राहत नसत, बाबा स्त्रीपार्ट करायचे. लग्न ठरलं तसं सोडलं म्हणे. त्यांची एक नक्कल ट्रंकेत आहे. नक्कल म्हणजे सगळं नाटक नव्हे, आपापल्या भूमिकेची तेवढी वाक्यं आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे कधी तोंड उघडायचं ते कळावं. अठ्ठावीस पानांची वही आहे. डांबराच्या गोळ्या ठेवूनही आमच्याकडच्या दमट हवेत कसर लागलीय, शाई पसरलीय, समासात पेन्सिलने काहीतरी बारीक लिहिलंय ते मला कधी वाचता आलं नाही. जुन्या फोनने फोटो काढून बघितले होते, मोठं केलं की नुसता धूर.

आज सकाळी नऊला पाऊस थांबून ऊन आलं, सोप्यावर आलं तेव्हा वही पाटावर ठेवली. वरून सरळ फोटो काढला, सावली पडू दिली नाही. मग स्कॅन करायचं असतं त्यात घातला, पानाचा पिवळेपणा गेला आणि कागद पांढरा झाला. काळपट वाढवत गेले तशी समासातली पेन्सिल हळूहळू वर आली. आधी मला वाटलं डाग आहे. दोन बोटांनी मोठं केलं. बाबांचंच अक्षर, उजवीकडे कललेलं, काना लांब ओढलेला.

"दुसऱ्या अंकात पोलक्याचा हुक निघाला. आईकडून दोन टाके जास्त घालून घेणे. बगल घट्ट."

मी ते किती वेळा वाचलं. वाक्यं नाटकातली होती, ती कोणीतरी लिहिलेली, पण हे बाबांचं स्वतःचं, त्या रात्रीचं, अंक संपून आत आल्यावर पेन्सिल शोधून लिहिलेलं. त्यांनी कधी आम्हाला सांगितलं नाही. मी ब्लाऊज शिवायला बसायची तेव्हा शेजारी बसून हुक-आय लावून द्यायचे, दुहेरी दोऱ्याने, आणि मी म्हणायची बाबा इतके टाके कशाला, कापड आवळतं. काही बोलायचे नाहीत.

पोलकं आजीचंच असणार. तिच्या मापाचं, आजी बारीक होती आणि बाबांचे खांदे शेवटपर्यंत रुंद. बगलेत अर्धा इंचसुद्धा माया, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, सोडलेली नसेल, हात वर केला की सगळा ताण पुढच्या हुकावर येणार. मी असते तर बगलेखाली कळी घालून दिली असती.

भावाला फोटो पाठवला, त्याने लगेच फोन केला, दोघांनाही नीट बोलता आलं नाही. जीमेलबरोबर मिळालेल्या जागेत एक फोल्डर केलं, त्यात ठेवलं, फोनला काही झालं तरी राहील.

सहा पानं झाली. ऊन साडेदहापर्यंतच होतं, मग परत भरून आलं. बावीस राहिलीत. चवथीचे ब्लाऊज यायला सुरुवात झालीय, नऊ तर कापून ठेवलेत, पण सकाळी नऊ ते दहा मशीनवर बसायचं नाही असं ठरवलंय. अकराव्या पानाच्या समासात पण पेन्सिल दिसतेय.