न सरलेल्या दिवसांचे पैसे

गाडी विकून अकरा दिवस झाले आणि मग माझ्या लक्षात आलं, की तिचा विमा अजून माझ्याच नावावर चालू आहे.

तेही आपणहून नाही. ड्रॉवरमध्ये चष्म्याची पावती शोधत होते, ती मिळाली नाही, हाती लागली गाडीची फाइल. तिच्या भोकाला दोऱ्याने बांधलेली गाडीची दुसरी किल्ली. म्हणजे ती द्यायचीही राहून गेली होती! आधी किल्लीची लाज वाटली, मग खालचा पॉलिसीचा कागद दिसला. विम्याचं वर्ष सुरू होऊन ९७ दिवस झाले होते. ३६५ मधून ९७ गेले, उरले २६८. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या लिहिल्या आहेत, त्यामुळे असला हिशोब मला करावा लागत नाही, तो आपोआप होतो. पाऊण वर्षाचा प्रीमियम भरून ठेवलाय आणि गाडी दुसऱ्याच्या दारात.

एजंटला फोन केला. "काकू, त्यातलं काही परत येत नसतं," तो म्हणाला. "सोडून द्या." एवढ्या सहज म्हणाला, की मीही फोन ठेवला. जाऊबाईंनी तर पुढचंच सांगितलं, "केवढेसे पैसे ते, त्यासाठी कुठे पत्रं लिहीत बसता!"

पण रात्री झोप येईना. पैशांसाठी नव्हे, खरंच. मला छळत होता तो एक जमाखर्चाचा मुद्दा.

आमच्या ऑफिसात यंत्रांच्या देखभालीचे वार्षिक करार असायचे. गिऱ्हाईक वर्षाचे पैसे एकदम भरायचं. नवीन आलेली पोरं ती सगळी रक्कम त्याच दिवशी उत्पन्नात टाकून मोकळी व्हायची आणि मी ती खोडून परत करायला लावायची. कारण पैसे आले म्हणून ते आपले झाले असं नाही. बारा महिन्यांची सेवा द्यायची आहे, एक महिना झाला तर बाराव्या हिश्शाएवढेच पैसे कमावले. बाकीचे ताळेबंदात देण्याच्या बाजूला. विमा कंपन्याही नेमकं हेच करतात. प्रीमियम पहिल्या दिवशी हातात पडतो, पण न सरलेल्या दिवसांचा हिस्सा त्यांच्या वहीत 'अनर्जित प्रीमियम' म्हणून देणी धरला जातो. संगणक नव्हते तेव्हा एकेका पॉलिसीचे दिवस मोजत बसणं शक्य नव्हतं, म्हणून चोविसाव्या भागांची एक युक्ती चालायची. महिनाभरातल्या सगळ्या पॉलिसी त्या महिन्याच्या मध्यावर सुरू झाल्या असं मानायचं. मग डिसेंबरअखेर जानेवारीतल्या पॉलिसींचा एक चोविसांश हिस्सा अनर्जित राहतो आणि डिसेंबरमधल्यांचा तेवीस चोविसांश. सुंदर आहे ना? मला तरी वाटली.

तर कंपनीच्या स्वतःच्याच वहीत ज्या पैशाला 'अजून कमावलेले नाहीत' असं म्हटलंय, ते एजंटच्या तोंडी 'सोडून द्या' कसे होतात?

सकाळी पॉलिसीची ती बारीक अक्षरांची पानं काढली. भिंगासकट. बहुतेकांनी ती पानं कधी उघडलेली नसतात, मीही नव्हती. 'रद्द करणे' असं एक कलम शेवटाकडे सापडलं आणि त्याखाली एक तक्ता.

हा तक्ता समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. विमा मुदतीआधी बंद केला तर पैसे परत करण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एक सरळ, दिवसांच्या प्रमाणात, तिला प्रो-राटा म्हणतात. जितके दिवस उरले तितक्या दिवसांचे पैसे परत. कंपनीने स्वतः पॉलिसी बंद केली तर सहसा हीच रीत लागते. दुसरी अल्प मुदतीच्या दराची. तिच्यात कंपनी म्हणते, तुम्ही तीन महिन्यांचाच विमा घेतलात असं धरू, पण तीन महिन्यांचा दर वर्षाच्या चौथ्या हिश्शापेक्षा चढा असणार. काही कंपन्या तक्त्याऐवजी प्रमाणात पैसे देऊन वर एक ठरावीक शुल्क कापतात. तुमच्या पॉलिसीत यातलं काय आहे ते तुमच्याच कागदावर असतं, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

माझ्या नशिबी तक्ता होता. तीन महिन्यांच्या आत रद्द केली तर शंभरातले ४० कंपनीचे, ६० माझे. चार महिन्यांच्या आत तर निम्मे निम्मे. असं चढत चढत आठ महिने ओलांडले की काहीच नाही. म्हणजे नवव्या महिन्यात गाडी विकणाऱ्याचे तीन-साडेतीन महिने फुकट जातात.

हे अगदीच लुटणं आहे असं मी म्हणणार नाही. पॉलिसी काढतानाच एजंटचं कमिशन, गाडीची तपासणी, कागदपत्रं हा खर्च होऊन जातो, तो काही दिवसागणिक होत नाही. शिवाय लोक बिलंदर असतात, वर्षाचा विमा काढायचा, लांबच्या सहलीचे दोन महिने उरकायचे आणि रद्द करायचा. त्यांना आवर घालायला चढा दर हवा. पण आठ महिन्यांनंतर शून्य? ते मला अजून पटलेलं नाही.

आता माझा घोळ बघा. गाडी मी विकली ८६व्या दिवशी. तीन महिन्यांच्या आत. मला जाग आली ९७व्या दिवशी. तीन महिने उलटून. मधल्या अकरा दिवसांच्या आळसाने मी साठाच्या ओळीतून पन्नासाच्या ओळीत घसरले होते.

कस्टमर केअरला फोन लावला. संगीत ऐकलं, एक दाबा, तीन दाबा, परत संगीत. मग एक मुलगी आली. गोड बोलत होती, पण समोर लिहिलेलं वाचत होती हे कळत होतं. "मॅडम, आपली विनंती आज आली आहे, त्यामुळे रद्द करण्याची तारीख आजची धरली जाईल."

"बरं," मी म्हटलं. "मग मला सांग, मधल्या अकरा दिवसांत ती गाडी कुठे ठोकली असती, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे तुम्ही मला दिले असते का?"

तिकडे शांतता.

"नसतेच दिले," मीच म्हटलं, "कारण गाडी माझी नव्हती. ज्या वस्तूत माझं काही जात नाही तिचा विमा मला मागता येत नाही. मग त्या दिवसांचे पैसे तरी कसे घेता?"

"मॅडम, मी आपलं म्हणणं वरिष्ठांना कळवते."

फोन ठेवल्यावर मी स्वतःवर फार खूश होते. तासाभराने उतरलं. कारण वाहनाच्या विम्याला दोन तोंडं असतात आणि मी एकाच तोंडाबद्दल बोलले होते. एक भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. दुसरा तिऱ्हाइताचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. हा दुसरा भाग आपल्यासाठी नसतोच, तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असतो, आणि म्हणून बहुतेक देशांत तो सक्तीचा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून ही सक्ती लावली, ब्रिटनने १९३०च्या रस्ता वाहतूक कायद्याने. जे सक्तीचं आहे ते केवळ मनात आलं म्हणून सहसा रद्द करता येत नाही. गाडी विकली, भंगारात गेली किंवा तिच्यावर दुसरा विमा आहे, असं काहीतरी दाखवावं लागतं. त्या अकरा दिवसांत कोणाला धक्का लागला असता आणि गाडीवर दुसरा विमा नसता, तर माझ्या कंपनीच्या दारात ते प्रकरण येऊ शकलं असतं. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती.

याचा उपाय एकच होता, नव्या मालकाने त्याच दिवशी स्वतःचा विमा काढला होता हे दाखवणं. आणि त्याला फोन करायला माझ्याकडे कारणही होतं.

"काकू, किल्ली! मी तुम्हाला विचारणारच होतो, मग वाटलं एकच असेल."

"किल्ली घेऊन जा. आणि येताना तुझ्या पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत आण."

बिचारा दुसऱ्याच दिवशी आला. प्रत आणली होती, तारीख ८६व्या दिवसाचीच. विकताना मी त्याला सांगितलं होतं की विमा काढल्याशिवाय गाडी दारातून हलवायची नाही, आणि त्याने ते ऐकलं होतं. गाडी त्याने फाटकाबाहेर लावली होती. पुढच्या काचेमागे कसलंसं हिरवं झुलणारं लावलंय. मी वर खिडकीतूनच पाहिली.

मग पत्र लिहिलं. ईमेलच, पण मी त्याला पत्र म्हणते. पॉलिसी क्रमांक, गाडीचा नोंदणी क्रमांक, विक्रीची तारीख, नोंदणी नव्या नावावर झाल्याची प्रत, त्याच्या विम्याची प्रत, माझ्या खात्याचा तपशील आणि एक वाक्य, 'चालू वर्षात कोणताही दावा केलेला नाही.' हे वाक्य महत्त्वाचं. वर्षभरात एकदा जरी दावा केला असेल तर बहुतेक ठिकाणी परताव्याचा विषय तिथेच संपतो, कंपनी म्हणते तुमच्या प्रीमियमचं काम झालं. शेवटी लिहिलं की परताव्याची रक्कम कशी काढली ते आकडेमोडीसकट कळवावं. गाडीवर कर्ज असतं तर कर्ज देणाऱ्याचं पत्रही जोडावं लागलं असतं. माझं कर्ज केव्हाच फिटलं होतं.

उत्तराची वाट बघत असताना माझ्या पुतणीला हे सांगत होते, तर ती म्हणाली, "काकू, मी तर काहीच केलं नव्हतं. हप्ता बँकेतून कापायचा, तो बंद केला, झालं." मी कपाळावर हात मारला. हप्ता थांबवणं म्हणजे विमा रद्द करणं नव्हे. कंपनीच्या वहीत ते 'पैसे थकवल्यामुळे बंद' असं नोंदवलं जातं आणि नवा विमा काढताना ती नोंद आडवी येऊ शकते. शिवाय महिन्याचा हप्ता दिसतो बाराव्या हिश्शाएवढा, पण करार वर्षाचा असतो, त्यामुळे मध्येच सोडताना परतावा सोडाच, देणं निघायचीही शक्यता असते. तिच्याकडे दोन स्मरणपत्रं आलेली होती. तिने उघडली नव्हती. त्या रविवारी आम्ही दोघींनी बसून तिचंही पत्र लिहिलं.

तिच्याच एका मैत्रिणीची गोष्ट उलटी. जुन्या कंपनीने आपोआप नूतनीकरण करून टाकलं आणि हिने त्याच आठवड्यात दुसरीकडे नवा विमा घेतला. एकाच गाडीला दोन. पण ती लगेच जागी झाली. घेतल्यापासूनच्या पहिल्या काही दिवसांत विचार बदलायची मुभा अनेक ठिकाणी असते, त्या मुदतीत तिने कळवलं आणि जवळजवळ सगळे पैसे सुटले. तिला अकरा दिवसांचा आळस नव्हता.

माझं उत्तर आलं. तारीख ८६व्या दिवसाची धरली होती. शंभरातले ६०, त्यातून एक किरकोळ कागदपत्र शुल्क वजा. आकडेमोडही दिली होती, मी ती पेन्सिलने तपासली, बरोबर होती. दिवसांच्या प्रमाणात मिळाले असते तर शंभरातले ७६ आले असते, ते सोळा तक्त्यात गेले. जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आले ना? मग सोळांचं काय घेऊन बसता?" ह्यांना 'केवढेसे पैसे' म्हणायला कुठलाही आकडा चालतो.

एक गोष्ट मात्र मी जवळजवळ घालवली होती. इतकी वर्षं एकही दावा न केल्याची सवलत, नो क्लेम बोनस. मला वाटायचं ती गाडीबरोबर जाते. ती गाडीची नसते, माणसाची असते. पुढे दुसरी गाडी घेतली तर वापरता येते, पण कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवावं लागतं आणि ते काही वर्षंच चालतं. हिशोब केला तर हे पत्र परताव्याच्या रकमेहून मोलाचं ठरू शकतं. मी आता गाडी घेणार नाही, डोळे साथ देत नाहीत, तरी पत्र मागून घेतलं. फाइलला जिथे किल्ली बांधलेली होती तिथे आता ते आहे.

रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश दुपारी आला. संध्याकाळी त्याच कंपनीचा दुसरा आला, 'प्रिय ग्राहक, आपल्या वाहनाला सध्या विमा संरक्षण नाही. आजच विमा घ्या.' कुठल्या वाहनाला, ते काही लिहिलं नव्हतं.