निरांजनापुरते दुकान

सोलापूरच्या नवी पेठेतून तिन्हीसांजेला जाताना एका कापडदुकानापाशी माझी पावले हमखास रेंगाळतात. दिवसभर बंद असलेल्या या दुकानाच्या चार-पाच फळ्या सहाच्या सुमारास निघतात, पंचाहत्तरी ओलांडलेले काका आत जाऊन लक्ष्मीच्या तसबिरीपुढे निरांजन लावतात, गादी झटकतात आणि तासभर रस्त्याकडे पाहत बसतात. मांडणीवर थोडे टॉवेल आणि चादरींचा एक गठ्ठा, एवढाच माल. गल्ल्यापाशी पितळी टोकांचा मीटरचा गज मात्र अजून लखलखीत आहे.

"काका, भवानीसुद्धा होत नाही, मग उघडता कशाला?" असे मी एकदा धीर करून विचारले. "बंद ठेवलं तर जागा जाईल की," ते म्हणाले.

जागा पागडीची आहे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्याने घेतलेली. भाडे नियंत्रणाच्या १९९९ च्या कायद्यानुसार भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला ती परत मागता येते. म्हणून हे रोजचे निरांजन. भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला आहे, पण मूळ भाडेच एका बऱ्या चादरीच्या किमतीहून कमी असेल, तर त्या वाढीतून गळके छप्परही शाकारून होत नाही. मालक खर्च करीत नाही, काका पागडीची रक्कम हाती आल्याशिवाय हलत नाहीत आणि पोटमाळ्यावर पारवे सुखाने नांदतात.

बाजार ओसरला की आपण मोबाईलवरच्या खरेदीला बोल लावतो. तो खोटा नाही. परंतु गिरण्यांचे भोंगे थांबले, पगाराच्या दिवशी पेठेत उसळणारी गर्दी आटली, तेव्हा मोबाईल कुठे होता?

रिकाम्या गाळ्यांचे काय करावे, याची उत्तरे लोक आपापल्या परीने शोधत आहेतच. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका निघतात. त्या हव्यातच, फक्त त्यांची काळी काच रस्त्याकडे पाठ फिरवून बसते. साड्यांच्या जुन्या दुकानात कुरियरवाले साड्यांचीच खोकी उतरवतात, तो विनोद मला अद्याप पचलेला नाही. माझ्या मते पेठेतल्या दुकानाचे खरे मोल आतल्या चौरस फुटांपेक्षा बाहेरच्या ओट्यात आहे, कारण जाणारा-येणारा तिथेच थबकतो, चौकशी करतो, भाव विचारून न घेताच पुढे जातो. म्हणून काकांना मी सुचवले की, दिवसभर ओटा एखाद्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या बाईंना द्यावा. फळ्याही उघड्या राहतील आणि चार पैसेही मिळतील.

काका हसले. "पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालक दुसऱ्याच दिवशी दावा लावतील," असे म्हणून ते उठले. म्हणजे जागा वापरली नाही तरी दावा आणि दुसऱ्याला वापरू दिली तरी दावा! इतक्या जुन्या नात्यात मालक आणि काका एकदा समोरासमोर बसून ओट्यापुरता करार लिहून का घेत नाहीत, हे विचारायचे मी टाळले. दोघांची बोलचाल बंद आहे, हे पेठेला ठाऊक आहे.

सात वाजले होते. फळ्यांवर तैलरंगात आकडे घातलेले आहेत आणि त्या क्रमानेच बसतात. पावसाळी हवेने फुगलेली सात नंबरची फळी खाचेत जाईना, तेव्हा काकांनी ती माझ्या हाती दिली आणि स्वतः खालून पायाने रेटा दिला.