आमची वाटचाल : समासातले रुपये

आमच्या फिल्मनिर्मिती संस्थेचं ऑफिस ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत आहे. पूर्वी तिथं शिवणक्लास चालायचा. भागीदार तिघं. लेखन-दिग्दर्शन माझं, संकलन माझ्या कॉलेजच्या मित्राचं आणि हिशेब माझ्या वहिनींचा. वहिनींनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. सिनेमाचं त्यांना फारसं प्रेम नाही, आणि आमची संस्था टिकली ती बरीचशी त्यामुळेच.

माझी सुरुवात एकांकिकांपासून झाली. मग मालिका. घोडबंदर रोडला सेट लागायचे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. सकाळच्या शिफ्टचा सीन कधीकधी मेकअप चालू असताना फोनवर पाठवायचा. पैसे एपिसोड दाखवल्यावर नव्वद दिवसांनी, तेही वेळेवर आले तर. पण हात तयार झाला तो तिथंच. पात्र दारातून आत का येतं, याचं उत्तर दहा मिनिटांत शोधायची सवय लागली.

पुढे एका निर्मात्यासाठी अख्खी पटकथा लिहिली. पडद्यावर माझं नाव आलं ते ‘संवाद साहाय्य’ म्हणून. तेव्हापासून बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे संवादांसकट पूर्ण पटकथा, स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेत नोंदवल्याशिवाय मी कुणाला ऐकवतसुद्धा नाही. नोंदणीनं कॉपीराइट मिळतो असं नाही, तो लिहिल्याक्षणीच आपला असतो. पण कोणत्या तारखेला काय लिहिलं होतं, याचा पुरावा हाताशी राहतो. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर पटकथाकाराचा रॉयल्टीचा हक्कही त्यात आला. थिएटरमधल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापराची रॉयल्टी लेखकाला करारात सोडून देता येत नाही. तरीही ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेले करार टेबलावर येतातच.

मग ठरवलं, आपलं आपणच करू. मराठीत लेखकानं दिग्दर्शन करणं काही नवं नाही. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आणि पुलंचा ‘गुळाचा गणपती’, दोन्ही १९५३ चे. फरक इतकाच, की आमच्याकडे ना अत्र्यांचं नाव, ना पुलंचं. पैसे आले नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कारखान्यांतून. हेल्मेट का घालावं, रसायनाचा पिंप कसा उचलावा, आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडावं, अशा सुरक्षेच्या फिल्म आम्ही अजूनही करतो. लोक याला ‘पोटापाण्याचं काम’ म्हणून नाक मुरडतात. मला ते मान्य नाही. संवादाशिवाय, यंत्रांच्या आवाजात, चार मिनिटांत गोष्ट सांगायला मी तिथं शिकले.

स्वतःच्या सिनेमाची पटकथा वहिनींकडे दिली, तेव्हा त्यांनी ती पेन्सिल घेऊन वाचली. समासात रुपये! मी लिहिलं होतं : ‘बाह्य. गल्ली. रात्र. मुसळधार पाऊस.’ शेजारी त्यांचा हिशेब : टँकर, पंप, जनरेटर, कॅमेऱ्याला प्लास्टिक, सगळ्यांना कोरडे कपडे, रात्रीची शिफ्ट. खाली एक ओळ, ‘अगं, हा पाऊस घरातून ऐकू आला तर चालेल का?’

मी आधी चिडले. मग रात्री सीन पुन्हा लिहायला बसले. मुलगा आत येतो, छत्री दारात झटकतो, आई न बोलता त्याच्या पायाखाली पोतं सरकवते. ठिबकणारी छत्री, पत्र्यावरचा आवाज, बास. सीन घट्ट झाला. नुसती लेखिका असते तर दिग्दर्शकाशी भांडले असते, नुसती दिग्दर्शक असते तर लेखकाची वाट बघत बसले असते. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असण्याचा फायदा हा, आणि तोटाही हाच : ‘हे चाललं नाही’ असं सांगणारं कुणी उरत नाही. आमच्याकडे ते काम संकलक करतो. माझा लाडका सीन त्यानं मला न विचारता उडवला होता. आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं. सीन परत आला नाही.

आता कागदावर बैल आला की आधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आठवते. विडी आली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी सूचना, शिवाय विडी दिसेल तोवर पडद्यावर इशारा. गंभीर प्रसंगात तो इशारा फार खुपतो. आमच्या सिनेमातला आजोबा म्हणूनच सुपारी कातरतो. त्या अडकित्त्याच्या आवाजावर आमच्या साउंडवाल्यानं जीव टाकला.

सिनेमा लागला, थोडे खेळ मिळाले, तेही दुपारचे. ठाण्यात बरा चालला, बाकी ठिकाणी फारसा नाही. सरकारी अनुदान परीक्षणानंतर मिळतं, तोवरचा खर्च कारखान्यांच्या फिल्मवर निघाला.

सध्या दुसरी पटकथा तयार आहे. तिच्यात जत्रा आहे. वहिनींनी समासात रक्कम लिहिलेली नाही, नुसतं ‘किती माणसं?’ असं विचारलंय. मी साठ म्हणते, त्या पंचवीसवर अडून आहेत. निर्माता मिळाला तर बघू.