चिंचोक्याच्या रंगाची वॅगन-आर

आमच्या घरी गाडी ठरवली ती आईच्या गुडघ्यांनी. 2011 ची अल्टो होती, चालतही होती. पण तिच्यात बसायचं म्हणजे आईला आधी गाडीकडे पाठ करून खाली, आणखी खाली जावं लागायचं. उतरताना एका हाताला मी, दुसऱ्या हाताला नवरा. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. आई म्हणाली, आधी गाडी बदला, स्वस्तात पडेल.

म्हणून 2025 च्या जुलैत शिवणाचा टेप पर्समध्ये टाकून मी शोरूम पालथ्या घालायला लागले. आई घरी ज्या दिवाणावर बसते-उठते तो जमिनीपासून 22 इंच. तेवढीच सीट हवी होती. गाडीच्या माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स असतो, डिकीचे लिटर असतात, पण माणूस जिथं बसणार ती जागा जमिनीपासून किती वर, हे मला एकाही पत्रकात सापडलं नाही. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर उकिडवी बसून मी टेप लावायची आणि सेल्सवाला पोरगा मागं उभा राहून इकडं-तिकडं बघायचा. लहान गाड्यांत आई बुडायची, उंच गाड्यांत चढायची. एका एसयूव्हीत तर एक पाय आत, एक बाहेर अशी अडकली आणि "मी काय घोड्यावर बसून राहिली का?" म्हणून तिथंच हसत सुटली. वॅगन-आरमध्ये मात्र ती नुसती बसली. टेप लावला, दिवाणापेक्षा बोटभरच फरक.

बाकी गरज माझी होती. मी बुटीबोरीला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. नागपूरच्या प्रतापनगरहून वर्धा रोडनं रोजचं जाणं-येणं, सिग्नलला सिग्नल लागून, आणि मे महिन्यात एसी बंद करायची सोय नाही. त्यामुळं 1197 सीसीचं इंजिन हवं होतं, 998 चं नको. गिअर ऑटोमॅटिक. मॉडेल झेडएक्सआय, म्हणजे मोठ्या इंजिनाचं. मारुती या गिअरला एजीएस म्हणते, बाकी लोक एएमटी. आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही असतो, फक्त तो दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. म्हणून पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी किंचित मान डोलावते. टेस्ट ड्राइव्हला वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाच्या चढावर घेतली तेव्हा ते जाणवलं. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा हलका केला की झटका जातो, हे तिसऱ्या फेरीत कळलं. पोरानं सांगितलं नव्हतं. तो नवऱ्याला मायलेज समजावत होता. चालवत मी होते, पैसे माझे होते, पण "सर, तुम्हाला कशी वाटली?" नवरा मागच्या सीटवरून म्हणाला, "मला विचारू नका, मी स्कूटरवाला आहे."

रंग आईनं निवडला. माहितीपत्रकातल्या तपकिरीवर बोट ठेवून म्हणाली, "हा चिंचोक्याचा." कंपनीच्या भाषेत नटमेग ब्राउन. पुढचे अडीच महिने या दोन शब्दांनी माझा जीव खाल्ला.

पहिल्या शोरूममध्ये ऐकलं, "मॅडम, तो कलर चालत नाही, व्हाइट घ्या, नागपुरात ऊन बघा ना." उन्हाचं खरं आहे, पांढरी कमी तापते. पण त्यांच्याकडं पांढऱ्या चार उभ्या होत्या, हेही खरं. दुसऱ्या ठिकाणी तपकिरी होती, पण व्हीएक्सआय. "फरक काय हो, म्युझिक सिस्टीमच तर आहे." फरक इंजिनाचा होता. मी पत्रक उघडून दाखवलं तेव्हा पोरगा म्हणाला, विचारून येतो. तो आजपर्यंत आलेला नाही.

कोटेशनचं मात्र मला हसूच यायचं, कारण दिवसभर मी दुसऱ्यांची बिलंच तपासते. पहिल्यांदा प्रत्येक जण एकच आकडा देतो, ऑन रोड, म्हणजे सगळं धरून. तो फोडून मागितला की चेहरा बदलतो. फोडल्यावर एक्स-शोरूम (गाडीची किंमत), आरटीओ, इन्शुरन्स एवढं खरं निघतं. त्यानंतर ॲक्सेसरीज किट, वाढीव वॉरंटी, कोटिंग आणि तळाशी गुपचूप बसलेला हँडलिंग चार्ज. आरटीओचा कर मोजायला सोपा आहे. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला किमतीच्या 11 टक्के, एकदाच. एका कोटेशनवर तो साडेतीन हजारांनी जास्त होता. विचारल्यावर म्हणे, राउंड फिगर. हँडलिंग चार्जवर मी पेनानं रेघ मारली आणि कागद परत सरकवला. हे कसलं, एवढंच विचारलं. मॅनेजर आले, पाणी आलं, चहा आला, रेघ तशीच राहिली.

इन्शुरन्सची भानगड जरा सविस्तर सांगते, कारण ओळखीतले चार जण तिथंच फसले आहेत. नव्या गाडीला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, 2018 पासून. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेतला तरी चालतो. शोरूममधूनच घ्या अशी सक्ती नाही. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. अल्टोवर पाच वर्षांहून जास्त काळ मी एकही क्लेम केला नव्हता, म्हणजे 50 टक्के. अल्टो ऑफिसातल्या एकाला विकली, विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं (ते तीन वर्षं चालतं) आणि नव्या पॉलिसीत नुकसानीच्या भागाचा हप्ता निम्मा झाला. शोरूमच्या कोटेशनमध्ये या बोनसचं नावही नव्हतं. बाहेरून घेते म्हटल्यावर ठरलेलं वाक्य आलं, "मग क्लेमला त्रास होईल, मॅडम." मी बाहेरचं कोटेशन पुढं ठेवलं. दहा मिनिटांत त्यांचंही तेवढ्यावर आलं. शेवटी त्यांच्याकडूनच घेतलं, किमतीचाच तर फरक होता, तो मिटला.

एवढ्यात 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असल्याचं जाहीर झालं आणि सगळं शहर थांबलं. शोरूमवाले म्हणायला लागले, छोट्या गाड्यांचं काही नाही होणार, आता बुक करा. घरी महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी, 3 सप्टेंबरच्या रात्री, नवे दर आले. चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 28 अधिक एक टक्का उपकर, असे 29 होते ते थेट 18 वर. लागू 22 सप्टेंबरपासून. मी त्याच रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सात लाखांची गाडी धरली तर जवळपास साठ हजार कमी, आणि किंमत उतरली म्हणून 11 टक्क्यांचा रोड टॅक्सही साडेसहा हजारांनी खाली.

पुढचे अठरा दिवस गमतीचे होते. पाच-सहा दिवसांत पितृपक्ष लागला, एरवीही त्यात गाडी कोण घेतं? त्यात ही वाट बघणारी गर्दी. शोरूममध्ये पंखे फिरत होते आणि पोरं मोबाइल बघत होती. त्यांचीही अडचण होतीच, कंपनीकडून गाड्या घेताना भरलेला उपकर 22 तारखेनंतर त्यांच्या खात्यात अडकून पडणार होता. आमच्या गाडीला तो एकच टक्का, पण मोठ्या एसयूव्हीला 22 टक्क्यांपर्यंत. मला रोज फोन, "मॅडम, आजच बिल करा, तेवढाच डिस्काउंट आम्ही देतो." एकानं तर घाबरवलं, "तुमचं बुकिंग जुनं आहे, तुम्हाला जुनाच दर लागेल." हे चक्क खोटं होतं. पैसे आधी दिले असले तरी बिल आणि गाडी दोन्ही दर बदलल्यानंतरचे असतील, तर दर नवाच लागतो. मी कलम सांगितलं. त्यानं फोन ठेवला.

घटस्थापनेला दर लागू झाले आणि चित्र उलटं झालं. आता गाडी विचारली की "वेटिंग आहे." गर्दी अशी, की टेस्ट ड्राइव्हच्या गाडीलाही लोक हार घालतील असं वाटावं.

याच धामधुमीत कामठी रोडच्या बाजूनं फोन आला. तपकिरी, झेडएक्सआय, एजीएस, स्टॉकमध्ये, लगेच या. गेले. गाडी शोरूममध्ये नव्हती, मागच्या यार्डात होती. पावसानं गवत कमरेएवढं, गाड्या ओळीत, आणि आपली शेवटून तिसरी. बॉनेटवर पाखरांची घाण वाळून पांढरी झालेली, चाकाच्या जाळीतून एक वेल वर आलेली. वायपरच्या पात्याला बोट लावलं तर रबराचा चुरा बोटाला. मी खाली वाकून टायर बघितला. टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथं 0625 होतं. म्हणजे टायर फेब्रुवारीतला, गाडीही त्याच सुमाराची. मार्च, एप्रिल, मे नागपूरच्या उघड्या उन्हात उभी. किल्ली फिरवली तर डॅशबोर्ड मिचमिचला आणि विझला.

"नुसती धूळ आहे, मॅडम, वॉशिंगला लावली की नवी."

"नवीच आहे ना?"

पंचवीस हजार कमी करतो म्हणाले. खरं सांगते, मन डळमळलं. साल 2025 च होतं, आरसीवर महिना दिसला असता एवढंच. मी म्हटलं, बॅटरी, वायपर नवे आणि टायरची तपासणी, हे लेटरहेडवर लिहून द्या, आत्ता घेते. तोंडी सगळं कबूल होतं, कागदावर यायला तयार नव्हतं. तिथं भरलेले बुकिंगचे पैसे परत मागितले. ते मिळायला तेवीस दिवस आणि सात फोन लागले, आणि पावतीवर "परत मिळतील" असं मी आधीच लिहून घेतलं नसतं तर मिळालेही नसते.

दसऱ्याला गाडी दारात यावी ही आमच्या घरातल्या सगळ्यांची इच्छा, आई सोडून. तिनं एका वाक्यात निकाल लावला, "मुहूर्त गाडीला असतो, गुडघ्याला नसतो." दसरा गाडीशिवाय गेला. तसंही त्या दिवशी दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांना माणसांचा पूर असतो, गाडी काढून नेली कुठं असती?

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या मामेभावाचा फोन. "ताई, इथं एक उभी हाये ना, तपकिरीच. काहून नागपुरात फिरून राहिली तू?" मी ज्यांच्याकडं हँडलिंग चार्जवर रेघ मारली होती त्यांचीच ती शाखा निघाली. नागपूरचा मॅनेजर दोन महिने म्हणत होता, विदर्भात पीस नाही. मी चॅसिस नंबर वाचून दाखवला तेव्हा म्हणाला, "हो का, सिस्टीमवर आत्ताच आला असेल."

आणता येईल, पण ड्रायव्हर रस्त्यानं चालवत आणेल, म्हणाला. 75 किलोमीटर, नवीकोरी गाडी, कोण कसा पिटाळेल काय माहीत. म्हटलं, मी बरोबर येते. सकाळच्या गाडीनं वर्ध्याला गेले. टायरवर 3525, म्हणजे ऑगस्टअखेरचा. मीटरवर 9 किलोमीटर. उन्हात उभी करून चारी बाजूंनी रंग बघितला, दारांच्या फटी बोटानं चाचपल्या, दोन्ही किल्ल्या लावून बघितल्या, स्टेपनी आणि जॅक उचलून बघितले. मागच्या डाव्या दाराच्या खाली नखाएवढा ओरखडा होता. तिथंच फोटो काढून मॅनेजरला पाठवला आणि डिलिव्हरीच्या कागदावर नोंद करून घेतली. मग शोरूमच्या ट्रेड नंबरची (नोंदणीआधी चालवायची) पाटी लावून आम्ही निघालो. ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस. साठच्या वर गेला नाही. सेलूजवळ त्यानं विचारलं, "तुमच्याच घरची आहे का?" हो म्हटल्यावर म्हणाला, "मंग चहा पिऊ." बुटीबोरीत माझ्या कारखान्याच्या फाटकावरून गाडी गेली तेव्हा आतून हात करावासा वाटला, पण मी त्या दिवशी आजारी असल्याची रजा टाकली होती.

कर्ज पगाराच्या खात्याच्या बँकेचं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नोंदणीचे कागद शोरूमनं ऑनलाइन टाकले, एमएच-31 चा नंबर चार दिवसांत आला, पाट्या बसल्या आणि मगच गाडी हातात आली. पाटीशिवाय नेऊ नका, हे त्यांनी आपणहून सांगितलं, तेवढं श्रेय देते. शेवटी पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या." मी आठ दिले. दोन मार्क विदर्भात पीस नाही याचे.

टेकडी गणपतीला नेली. नारळ, चाकाखाली लिंबू, नवऱ्याकडून कुंकवाचं जरा जास्तच मोठं स्वस्तिक. आईला देवळाबाहेर पुढच्या सीटवर बसवलं होतं. आम्ही पूजेच्या ताटाशी खुडबुडत होतो तोवर तिनं दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि उभी राहिली. आमच्यापैकी कुणी हात दिला नव्हता. पदर सारखा करत तिनं गाडीला एक चक्कर मारली आणि भर उन्हात बॉनेटकडं डोळे बारीक करून बघितलं.

"हा चिंचोक्याचा नाही गं," म्हणाली. "हा गुळाचा आहे."