काडेपेटीची कोडी : ‘किती जवळ?’ नोंदवहीची प्रगती

कोडी सुटतातच. या टप्प्यात त्यांची उत्तरं सुचतात कशी, हे नीट पकडायचं आहे.

मांडणी आता पक्की. काड्यांचे गुल आधी मोडायचे, कारण गुल कुठल्या बाजूला आहे यावरून उत्तराचा वास लागतो. पंखा बंद. फरशीवर काड्या घरंगळतात आणि चादरीच्या नक्षीत हरवतात, म्हणून खाली आपला सोलापुरी टर्किश टॉवेल, पण पांढरा आणि बिननक्षीचा.

नोंदीची पद्धत मानसशास्त्रज्ञ मेटकाफ आणि वीब यांच्या १९८७ च्या प्रयोगातली. दर १५ सेकंदांनी जोडीदार टेबलावर टकटक करतो. सोडवणारा उत्तर किती जवळ वाटतंय ते १ ते ७ मध्ये सांगतो, ७ म्हणजे अगदी जवळ. आकडा जोडीदारानेच लिहायचा. उत्तर सापडलं की ‘मला अंदाज होताच’ असं मनापासून वाटू लागतं, त्यामुळे मागाहून भरलेला तक्ता टाकाऊच.

एकच काडी हलवायची, आकडे रोमन :

। = ।। + ।।
।।। = ।।। + ।।।

पहिल्यात अधिकची उभी काडी काढून शेजारच्या दोनांत मिळवा : एक बरोबर तीन वजा दोन. दुसऱ्यात तीच उभी काडी आडवी करा, अधिकचं बरोबर होतं. हे जास्त अडवतं, कारण समीकरणात ‘बरोबर’ एकदाच येतं हे आपण न तपासता धरून चालतो. मात्र एकदा सुटलं की या जातीचं पुढचं कोडं लगेच सुटतं, म्हणून एका बैठकीत एकच ठेवावं. साध्या बीजगणिताची उदाहरणं सोडवताना ‘किती जवळ’चे आकडे पायरीपायरीने चढतात. काड्यांच्या कोड्यांत २, २, २ आणि एकदम ७ दिसतं, ते सर्वांत मोलाचं पान.

बोलत सोडवायचं का? बीजगणित खुशाल बोलत करा, आणि ज्या भाषेत आकडेमोड होते त्याच भाषेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक मंडळींनी तेलुगूतच बोलावं, मराठी करत बसलं की वेग मंदावतो. काड्यांना मात्र नुसता आकडा. स्कूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगांत बोलत राहिल्याने अशी अचानक सुचणारी कोडी कमी सुटली होती.

जोडीदाराची नजर वहीवरच हवी, नाहीतर नकळत इशारा मिळतो. लोंबत्या दोन दोऱ्या एकमेकींना बांधायच्या, अशा मायर यांच्या १९३१ च्या प्रयोगात सहज हलवलेल्या दोरीने लोकांना उत्तर सुचलं, पण इशारा मिळाल्याचं बहुतेकांना सांगता आलं नाही.

पुढच्या संचात अडल्यावर १० मिनिटांची सुट्टी, कोडं झाकून. परतल्यावरचा पहिला आकडा वेगळ्या शाईने लिहायचा.