पावसात सुधारलेली रेंज

मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या दाट पाकाच्या, टाकीतल्या तापमानाचा ट्रेंड रात्री दोनपासून आडव्या रेघेसारखा चालला होता. ३८.४. चार वाजता ३८.४, सकाळी आठला पण ३८.४. चीफ केमिस्टना ती रेघ खटकली म्हणून बरं झालं. त्यांनी माणूस टाकीवर चढवला, दोरीला थर्मामीटर बांधून आत सोडायला लावला. आलं ४३.

मळी आपली आपणच तापते, हे साखर कारखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चाळिशीच्या वर गेली की लक्ष ठेवायचं, पंप लावून फिरवायची, टाकीवर बाहेरून पाणी सोडायचं. दुर्लक्ष झालं तर ती फेसाळते आणि टाकीबाहेर येते. त्यांनी रिसर्क्युलेशन सुरू केलं, पाणी सोडलं आणि मग मला फोन लावला. "तुमचे सेन्सर झोपलेत. या." एवढंच. मार्चचा पहिला आठवडा होता. वाळूजहून निघालो, बीडमार्गे धाराशिव जिल्ह्यातल्या त्या कारखान्यावर पोचेपर्यंत दुपार झाली.

सेन्सर मीच बसवले होते, आदल्या जुलैत. मळीच्या तीन टाक्या मिलहाऊसपासून लांब, बगॅस यार्डाच्या, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा साठवतात त्या आवाराच्या, पलीकडे. मध्ये ऊसगाड्यांचा रस्ता. तिथे केबल टाकली की हंगामात कुणीतरी जेसीबी फिरवतो, नाहीतर उंदीर खातात, म्हणून वायरलेस. २.४ गिगाहर्ट्झवरचं मेश नेटवर्क. प्रत्येक ट्रान्समीटर स्वतःचं बोलतो आणि शेजाऱ्याचा निरोपही पुढे नेतो. एकेका निरोपाला दहा मिलिसेकंदांची वेळ ठरलेली, आणि दर वेळी चॅनल बदलत जातं, पंधरा चॅनलांवर. एका चॅनलवर गोंगाट असला तर पुढच्या वेळी निरोप दुसऱ्यावरून जातो. कागदावर फार भक्कम व्यवस्था. जुलैत चाचणी घेतली तेव्हा टाक्यांकडून गेटवेला, म्हणजे सगळे निरोप गोळा करणाऱ्या डब्याला, मिळणारा सिग्नल उणे ६२ डीबीएम होता (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). झकास. मी सही घेतली, चहा प्यालो आणि निघालो.

पहिला संशय मी वायफायवर घेतला. त्याच बँडमध्ये वायफाय असतं, आणि डिसेंबरात वजनकाट्यावर वायफायवाले नवीन सीसीटीव्ही लागल्याचं कळलं होतं. त्यांचा राऊटर सहा नंबरच्या चॅनलवर होता. तो अकरावर नेला, मग एकवर, मग काट्यावरच्या लोकांच्या शिव्या खात तासभर बंदच ठेवला. फरक शून्य. सिग्नल उणे ९१ ते ९३ वर अडखळत होता. आमच्या रेडिओची ऐकण्याची ताकद साधारण उणे ९५ पर्यंत. ६२ वरून ९१ म्हणजे एकोणतीस डेसिबलची घट, म्हणजे जुलैच्या मानाने आठशेवा हिस्सा सिग्नल. राऊटर गोंगाट वाढवेल, पण सिग्नल असा गिळणार नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मग गेटवेतला जुना लॉग काढला. जानेवारीअखेर उणे ७०. फेब्रुवारीच्या मध्यावर उणे ८८. त्यानंतर चार-पाच दिवस चक्क ७४. पुन्हा घसरण, थेट ९१. ते चांगले दिवस कुठले म्हणून शिफ्ट लॉगबुक पाहिलं, तर नेमके अवकाळी पावसाचे. आम्ही तिघं त्या पानाकडे बघत बसलो. पावसात रेंज सुधारते? एवढ्या छोट्या अंतरावर २.४ ला पाऊस फारसा अडवत नाही, हे खरं. पण पाऊस रेंज वाढवतो हे मी कधी ऐकलेलं नव्हतं.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन यार्डाच्या कडेला उभा होतो. डोझरवरचे मामा खाली उतरले, तंबाखू मळत जवळ आले.

"काय बघलालाव साहेब?"

"मामा, टाकीवरचा निरोप इकडं येईना."

"ढिगाच्या मागं माझा फोनबी लागत न्हाई. पोराचा फोन आला की हिकडं पळत यावं लागतंय."

मी मान वर केली. खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्या ढिगाकडे नीट पाहिलं. तीसेक फुटांचा बगॅसचा डोंगर, बरोबर गेटवे आणि टाक्यांच्या मध्ये. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मं तर पाणीच असतं. २.४ च्या लहरींपुढे तो ढीग म्हणजे ओली भिंत. आणि जुलैत? जुलैत यार्ड रिकामं होतं. झाडून घेतलेलं. मी त्या मोकळ्या जागेतून मोजमाप घेतलं होतं.

"मामा, मागच्या म्हयन्यात पाऊस झाला तेव्हा ढीग केवढा होता?"

"तवा? निम्माबी नव्हता. ऊसच येत नव्हता ना, तोडी बंद. को-जन मात्र चालू. सगळं साठलेलं बगॅस मीच ढकललं की बॉयलरला."

रानात चिखल, तोड बंद, गाळप बंद. वीज विकायची म्हणून बॉयलर चालू, त्याच्या पोटात ढीग गेला आणि रेंज परत आली. पावसाचा संबंध एवढाच.

मेशचं काय, असं चीफ इंजिनिअर विचारत होते, आणि ते योग्यच होतं. तिन्ही टाक्यांचे ट्रान्समीटर एकमेकांचे निरोप छान घेत होते. पण तिघंही ढिगाच्या एकाच बाजूला. अलीकडे यायला वाट एकच, आणि तीच बुजली. नकाशावर रेघांचं जाळं दिसतं, त्यात हा गळा कुठे आहे ते मी पाहिलं नव्हतं. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा बँड आपल्याकडे विनापरवाना आहे, त्याने ढिगाकडून कमी मार खाल्ला असता. पण निरोप ऐकून पुढे पाठवणाऱ्या दोन रिपीटरने भागत असताना सगळं नव्याने घ्या म्हणायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक रिपीटर बॉयलर हाऊसच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर बसवला, दुसरा पलीकडे साखर गोदामाच्या कडेला, म्हणजे ढिगाला वळसा घालून दोन वाटा. सिग्नल उणे ६८ वर आला.

त्याहून जास्त शरमेची गोष्ट ती रेघ. ट्रान्समीटर गप्प झाला तरी गेटवे शेवटचा आकडा मॉडबसच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडे ठेवायच्या खणात, तसाच ठेवत होता आणि डीसीएस, म्हणजे कारखान्याची कंट्रोल यंत्रणा, तोच वाचत होती. आकडा ताजा की शिळा हे सांगणारा स्टेटस गेटवेकडे होता. मी तो जोडलाच नव्हता. ढीग नसता तरी एखाद्या दिवशी बॅटरी संपून हेच झालं असतं.

तो जोडला आणि चाचणीसाठी दोन नंबरच्या टाकीवर चढून मुद्दाम बॅटरी काढली. खाली येईपर्यंत स्क्रीनवरचा आकडा करडा पडला होता आणि हूटर बोंबलत होता. पाळीवरच्या ऑपरेटरने बटण दाबून तो गप्प केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, आता ह्यो रोज वाजणार का?"