पुस्तक हरवलं तर वसुली कुणाकडून?

बीड जिल्ह्यातलं आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात आहे. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते आठवी, पट दीडशेच्या आसपास. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून निवड झाली आणि पहिल्याच बैठकीनंतर मी ग्रंथालय बघायला मागितलं. ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं. दाखल रजिस्टरला पुस्तकं सहाशेच्या वर. देवघेवीचं रजिस्टर उघडलं, तर तांबड्या शाईने पट्टी लावून रकाने आखलेले. नोंद एकही नाही.

कपाटाचा चार्ज असलेले गुरुजी कामचुकार नाहीत. दोन वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहित्या, मतदार यादी, सगळं त्यांच्याच गळ्यात. म्हणाले, "भाऊ, मागच्या शाळेवरून बदली झाली तेव्हा चार्ज देताना बावीस पुस्तकं कमी भरली. पैसे मी खिशातून भरले. आता पोरं पुस्तक मागतात तेव्हा मला ती बावीस पुस्तकंच दिसतात."

मी स्वतः ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर. नोकरी लागली नाही म्हणून गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं. त्यामुळे शाळेला शिकलेला ग्रंथपाल हवा असं मी म्हणताच पारावर चर्चा सुरू झाली, "ह्याला सोत्तालाच चिकटायचंय." लोकांचं अगदीच चुकलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं.

गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज दिला. दीड महिन्याने दोन ओळींचं पत्र आलं: पद मंजूर नसल्याने मागणी विचारात घेता येत नाही. ते खरंच होतं. अनुदानित हायस्कूलला पट असेल तर ग्रंथपालाचं पद मिळतं. आमच्यासारख्या शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, त्याचा रकानाच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून वाचली. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्वच्छ लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशकही सांगितलेत. पुस्तकं मुलांच्या हातात कोण देणार, याबद्दल चकार शब्द नाही.

मग माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं आणि चार प्रश्न विचारले. तीन वर्षांत तालुक्यातल्या शाळांना ग्रंथालय अनुदान किती आलं, ग्रंथालय कोण सांभाळतं, पुस्तकं किती हरवली, आणि हरवलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून कोणत्या आदेशाने होते? तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीला मी आणि एक लिपिक असे दोघेच. शेवटी चार पानं हातात पडली. पहिल्या प्रश्नाला भरगच्च तक्ता, दुसऱ्याला सगळीकडे "सहशिक्षक". तिसऱ्याला निरंक, म्हणजे काहीच नाही. चौथ्यालाही निरंक.

तो शेवटचा "निरंक" मी दुकानात बसून चार वेळा वाचला. गुरुजींनी ज्या वसुलीला भिऊन कपाटाला कुलूप घातलं होतं, तिचा आदेश निदान आमच्या तालुक्याच्या दप्तरात तरी नव्हता. कुणीतरी एकदा वसूल केली, पुढच्यांनी रीत म्हणून चालवली.

पदवीच्या वर्गात शिकलेलं एक कलम तेव्हा आठवलं. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावलीत (2017) नियम 215 आहे. ग्रंथालयातून वर्षात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ती वाजवी घट धरावी, फक्त त्यात लबाडी किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायचीच. ग्रंथपालाला हे पाठ असतं. सहशिक्षकाला ते कुणी सांगतच नाही, आणि आमच्या शाळेत सगळा फरक तिथंच पडला होता. झेरॉक्स घेऊन पंचायत समितीत गेलो. साहेब म्हणाले, "हा केंद्राचा नियम. आपल्याला लागू नाही." मी विचारलं, "मग आपला कोणता?" साहेबांनी चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, "तुमच्या समितीत ठराव घ्या. प्रत इकडं द्या." लेखी मात्र काही दिलं नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रंथपालाच्या मानधनाचा विषय काढला. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून द्या म्हटलं, तर ग्रामसेवकांनी पुस्तिकाच पुढे केली: पगार आणि आस्थापना खर्चाला तो चालत नाही. रॅक घेता येईल, माणूस नाही. राहिली लोकवर्गणी. महिना तीन हजार, आठवड्याला दोन दिवस. ठरावात मी स्वतःच एक ओळ घालायला लावली, समितीचे सदस्य आणि त्यांचे नातेवाईक अपात्र. पारावरच्या गप्पा त्या दिवशी थांबल्या. घरचं बोलणं मात्र आठवडाभर चाललं.

शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी आली, मुक्त विद्यापीठाची बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवीधर. पहिल्या दिवशी तिने सगळी पुस्तकं सतरंजीवर ओतली. कुक्कुटपालनाच्या एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती निघाल्या. मी तिच्या जागी असतो तर प्रत्येक मराठी गोष्टीच्या पाठीवर 891.46, हा मराठी साहित्याचा ग्रंथालयी वर्गांक, लिहीत बसलो असतो. तिने वाचायला सोपं कोणतं, अवघड कोणतं ते बघून रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि पुस्तकं पोरांच्या कमरेइतक्या उंचीवर मांडली. पाचवीतल्या एका पोराला जोडाक्षरं येत नव्हती, म्हणून तो रॅककडे फिरकत नव्हता. त्याला म्हणाली, "तुझ्या बहिणीला वाचून दाखवायला एक ने की." बहीण अंगणवाडीत. त्याने सगळ्यात सोप्या पट्टीचं पुस्तक सगळ्यांदेखत उचललं, कारण ते बहिणीचं होतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमची चौदा पोरं आईबापांबरोबर जाणार होती. ग्रंथपाल मॅडमनी प्रत्येकाला दोन-दोन पुस्तकं दिली. परतीच्या तारखेच्या रकान्यात लिहिलं, "टोळी आल्यावर." गुरुजी माझ्या दुकानात आले. "कामून असं करायल्यात ह्या? सांगलीला गेलेलं पुस्तक येत असतंय व्हय?"

एप्रिलमध्ये अठ्ठावीसपैकी पंचवीस आली. एकाची पानं रसाने चिकटली होती, एकाच्या पुठ्ठ्याला चुलीची झळ लागलेली. त्या शैक्षणिक वर्षातल्या देवघेवीच्या नोंदी 812 झाल्या होत्या. हजाराला पाचाच्या हिशोबाने चार हरवली तरी चालली असती, आमची तीन हरवली. किंमत मिळून एकशे पंचेचाळीस रुपये. समितीत निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तकं रजिस्टरमधून कमी करण्याचा, ठराव झाला. गुरुजींनी सही करण्याआधी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "नक्की ना?"

दरम्यान आजूबाजूच्या आठ समित्यांचे ठराव गोळा केले. प्रत्येक शाळेला पद मागितलं तर कुणी दारात उभं करणार नाही, म्हणून मागणी एवढीच ठेवली: केंद्रामागे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे, एक पात्र ग्रंथपाल, त्याने आठवड्याचे दिवस त्या शाळांना वाटून द्यावेत. गठ्ठा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात दिला, पोच घेतली. फाईल अभिप्रायासाठी वर गेली आहे असं कळलं.

मॅडमना लातूरच्या एका खासगी कॉलेजात जागा मिळाली. जूनमध्ये त्या गेल्या. वर्गणीही शेवटच्या महिन्यात सहाशेने कमी पडली होती, ती अजून द्यायची आहे. नव्या माणसासाठी शाळेच्या फलकावर कागद लावलाय. तोवर रॅक उघडाच आहे आणि मधल्या सुट्टीत नोंदी सातवीच्या दोन मुली करतात.

सोमवारी शिक्षण विभागात फोन लावला. पलीकडून आवक क्रमांक विचारला. कागद न बघता सांगितला. "अभिप्राय आला नाही अजून," म्हणाले, "पुढच्या आठवड्यात लावा."